‘कोणी केलं’ न विचारणारा माणूस

आमच्या वरच्या मजल्यावर साडेतीन वर्षं एक गृहस्थ भाड्याने राहिले. घरात आम्ही त्यांना ‘वरचे’ म्हणायचो. त्यांना चांगलं नाव होतं, पण हाक मारायला ते कधी लागलं नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. नातवंडांनो, तुमच्यापैकी दोघं आता त्यांच्याच धंद्यात आहात. व्हिडिओवर बोलताना ‘आजी, आज माझ्याकडून एक घोळ झाला’ एवढं सांगता आणि विषय बदलता. घोळ काय होता ते मला कळणार नाही, असं तुम्हाला वाटतं. थोडंफार कळतं. वरच्यांच्या संगतीत शिकले.

ते कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायचे. कंपनी पुण्याची, मोठा साहेब परदेशातला, आणि हे बसलेले इथे आमच्या तालुक्याच्या गावी, वाशीत. आता वाशी म्हटलं की कंपनीतल्या लोकांना नवी मुंबईच वाटायची. त्यांचे सहकारी वर्षभर त्यांना खाडीपुलावरच्या गर्दीची चौकशी करत, आणि हे खिडकीतून समोरच्या सोयाबीनकडे बघत सांगत, “आज बरीच कमी आहे.”

“खोटं बोलता का?” मी एकदा विचारलं.

“खोटं कुठं, काकू? बघा की, एक गाडी नाही.”

त्यांची आई जवळच्या खेड्यात होती. म्हशीला सोडून पुण्याला यायला ती तयार नव्हती आणि गावात नेट येत नव्हतं. म्हणून त्यांनी मध्ये आमचं घर धरलं. सकाळी मोटारसायकलवर जाऊन आईला भेटायचं आणि दहाच्या आत कामावर बसायचं, हा नेम. पंचेचाळिशीचा माणूस, अंगाने बारीक, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी फजिती केली. तुम्हाला माहीत आहे, माझ्या घरात प्रत्येक चावीला बिल्ला आहे. घराची जादा चावी शेजारच्यांकडे ठेवली आहे, असं मी त्यांना मोठ्या समाधानाने सांगितलं.

“लावून बघितली का?” ते म्हणाले.

“कशाला लावून बघायची? चावी आहे ती.”

“मग ती आहे असं नाही म्हणता येत. आहे असं आपल्याला वाटतं, एवढंच.”

मला राग आला. शेजाऱ्यांकडून चावी मागवली, लावली, आणि ती कुलपात शिरेसुद्धा ना. कुलूप बदललं होतं आठ वर्षांपूर्वी, चावी होती त्याच्याही आधीची. ते हसले नाहीत. “बरं झालं, दार उघडं असताना कळलं,” एवढंच म्हणून वर गेले.

त्यांच्या खोलीत भिंतीवर एक बटण होतं, ते कशाचं हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. त्यांनी त्यावर चिठ्ठी चिकटवली: ‘हे बटण कशाचं आहे ते माहीत नाही. तीन वेळा दाबून पाहिलं, काही झालं नाही. तरी काढून टाकू नये.’ खाली तारीख. पुढे जो भाडेकरू येईल त्याच्यासाठी ही सोय. असल्या चिठ्ठ्या पाण्याच्या मोटारीवर होत्या, गच्चीच्या कडीवर होत्या. पुढच्या माणसाला आपलं डोकं उघडून बघता येत नाही, म्हणून त्यातलं थोडं बाहेर ठेवून जावं, असं ते म्हणत.

कामाचं त्यांचं गणितही उलटं होतं. एके दिवशी फार आनंदात खाली आले. मी विचारलं, आज पुष्कळ लिहून झालं वाटतं? “नाही काकू, चारशे ओळी काढून टाकल्या! आणि चालतंय सगळं!” मी जन्मभर मुलांना सारांश लिहायला शिकवला, तरी काढून टाकल्याचा इतका आनंद झालेला विद्यार्थी मला भेटला नव्हता. दुसऱ्या दिवशी मात्र तोंड उतरलेलं. सगळी दुपार एका वस्तूला नाव सापडत नव्हतं.

“काकू, पाठवलंय पण पोचलं का नाही ते माहीत नाही, अशाला एक चांगला शब्द सांगा.”

“पेंडिंग.”

“तो दुसऱ्याला दिलाय.”

आणि त्यांचं अडलं की ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहत. मी शेंगा सोलत असे. “काकू, तुम्ही काही बोलू नका, फक्त ऐका,” असं म्हणून ते सुरू होत. अमुक इथून निघतं, तिथं जातं, तिथं असं असं होतं. मला एक अक्षर कळायचं नाही. पाचेक मिनिटांनी ते वाक्याच्या मध्येच थांबत, ‘हां!’ म्हणत आणि जिना चढून पसार. आभार नाहीत, काही नाही. मी जाब विचारल्यावर त्यांनी खरं ते सांगितलं. त्यांच्या धंद्यात लोक टेबलावर रबराचं बदक ठेवतात म्हणे, आणि अडलं की त्याला समजावून सांगतात. सांगता सांगता आपली चूक आपल्यालाच दिसते.

“म्हणजे मी बदक?”

“नाही काकू. बदक भुवया उडवत नाही. तुमच्या भुवया उडाल्या की मला कळतं, इथं गडबड आहे.”

मी पुढची शेंग सोलायला घेतली.

पण त्यांचा खरा वेगळेपणा मला कळला तो दुधावरून. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींकडून दूध उतू जायचं. आठवड्यातून तीनदा. मी बोलायची, त्या म्हणायच्या, “म्या न्हाय, गॅसच मोठा व्हता.” एकदा हा संवाद चालू असताना वरचे आले. त्यांनी मावशींना विचारलं, “दूध उतू जायच्या आधी तुम्ही कुठं होता?” बाहेरच्या खोलीत. “कशाला?” लेकीचा फोन आला म्हणून. “फोन बाहेर का?” कारण चार्जरचं बटण बाहेर. वरच्यांनी बाजारातून लांब वायर आणली आणि चार्जर ओट्याशेजारी आणून दिला. दूध उतू जायचं थांबलं.

“कोणी केलं, हे विचारलं की माणूस लपतो,” ते मला म्हणाले. “कसं झालं, हे विचारलं की सांगतो.” त्यांच्या कंपनीत मोठा घोटाळा झाला की सगळे बसून कसं झालं ते लिहून काढत. कागदावर कोणाचंही नाव घालायचं नाही, हा नियम. हा नियम ते देवाधर्मासारखा पाळत. मावशींनी सगळ्या गल्लीत सांगितलं, “वरचे सायेब कुनालाच रागवत न्हाईत. लई येगळं मानूस हाय.”

मलाही तो नियम फार सुंदर वाटला. तो कुठे कमी पडतो ते पुढे दिसलं.

मी ज्या शाळेत इंग्रजी शिकवलं, तिच्या समितीवर अजून आहे. शाळेत आजूबाजूच्या गावांतून मुली बसने येतात. मुलगी पोचली का नाही, हे घरच्यांना संध्याकाळपर्यंत कळायचं नाही. मीच वरच्यांच्या गळ्यात काम घातलं, आणि त्यांनी ते फुकट करून दिलं. बस आली की ऑफिसातल्या ताई हजेरीवर खुणा करत, एक बटण दाबत, आणि घरोघर मोबाईलवर संदेश जाई: मुलगी शाळेत पोहोचली. जी आली नसेल तिच्या घरी वेगळा संदेश. शेजारी दुसरं एक बटण होतं, ‘चाचणी’. ते दाबलं की न पोहोचल्याचा संदेश फक्त वरच्यांच्या फोनवर येई.

या ताई तिशीच्या, करारावर नेमलेल्या. “आमच्या अख्ख्या भावकीत पगारावर आलेली पयली बाई म्याच,” असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. लाजून नाही, मान वर करून.

एका बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला वरच्यांनी ताईंना फोन केला आणि चाचणीचं बटण दाबायला सांगितलं. ताईंनी दाबलं. आणि झाडून सगळ्या घरांत संदेश गेला: आपली मुलगी आज शाळेत पोहोचलेली नाही.

मी पोचले तेव्हा गेटवर मोटारसायकलींचा खच पडला होता. लोक चपला न घालता आलेले. तेरखेड्याहून फटाक्यांच्या कामावरची एक बाई आली होती, कोपरापर्यंत हात दारूच्या भुकटीने चंदेरी. तिकडे कामावर फोन आत नेऊ देत नाहीत. मुकादमाने बाहेर संदेश वाचला आणि तिला हाक मारली. हात न धुता कोणाच्या तरी गाडीवर बसून ती आली. तिची लेक सातवीच्या वर्गात भूगोल लिहीत बसलेली. आईने तिला आधी एक चापट मारली आणि मग छातीशी असं धरलं की पोरीच्या पांढऱ्या शर्टावर दोन्ही हात उमटले.

मुली सगळ्या सुखरूप होत्या. पण एवढा जीव उडाल्यावर माणसं ‘बरं, चला’ म्हणून घरी जात नाहीत. गेटवर ओरडा सुरू झाला, “कुनी केलं ते सांगा!”

ऑफिसात पहिला प्रश्न मीच विचारला. लिहायला लाज वाटते, पण विचारला. “बटण कोणी दाबलं?”

“म्या दाबलं, बाई,” ताई म्हणाल्या.

अध्यक्ष माझ्या शेजारीच होते. मोठे शेतकरी, मनाने वाईट नाहीत. पण बाहेर एवढी माणसं उभी असली की कोणालाही एक नाव हवं असतं, आणि ते मी त्यांना मिळवून दिलं होतं.

एक वाजता वरचे आले. तेवढ्यात त्यांनी त्यांच्या पद्धतीचा कागद तयार करून आणला होता. मी तो वाचला. चाचणीसाठी दहा खोट्या नावांची यादी होती, सगळ्यांपुढे एकच फोन नंबर. आदल्या दिवशी लांबलचक नावं संदेशात नीट बसतात का ते पाहण्यासाठी तिच्या जागी खरी यादी लावली गेली. तिथेच शेजारी एक टीप लिहिली गेली: ‘तात्पुरतं. उद्या काढायचं.’ ते काढलं गेलं नाही. सगळं खरं होतं, क्रमवार होतं. फक्त त्या कागदावर माणूस नव्हता.

अध्यक्षांनी तो दोनदा वाचला आणि खूश झाले. “झकास लिवलंय, सायेब. ह्यात तुमचं नाव न्हाय, शाळंचं न्हाय. मशिनीचं काय तरी झालं, आन् बटण दाबलं ह्या बाईनं. करार हितंच थांबवू. गेटवर जाऊन सांगतो, मानसं शांत व्हतील.”

“ताईंनी नाही केलं,” वरचे म्हणाले.

“मग कुनी?”

“कोणी, हा प्रश्नच बरोबर नाही. कसं झालं...”

“सायेब, भाईर पब्लिक हाय! त्यास्नी कसं न्हाय पायजे, कोन पायजे. तुमी नाव देत न्हाई म्हणल्यावर माझ्याकडं एकच नाव हाय.”

ताई दाराशी उभ्या होत्या. रडत नव्हत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

त्या क्षणी वरच्यांचा चेहरा मी पाहिला. अडल्यावर माझ्या दारात येऊन बोलता बोलता ते थांबत, तसेच थांबले. पुण्यात सगळे एका टेबलाभोवती बसणारे, सारख्या तोलाचे. तिथे नाव गाळलं तर कोणाचंच काही बिघडत नाही. इथे नाव गाळलं की ते आपोआप सगळ्यात खालच्या खुर्चीवर जाऊन बसतं. हे मी नंतर विचार करून लिहिते आहे. त्यांना ते तिथे, उभ्या उभ्या दिसलं असावं.

त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. कागदाच्या तळाशी लिहिलं. हाताने लिहायची सवय गेलेली, अक्षर तिसरीतल्या मुलासारखं: ‘ही चूक माझी. ती ओळ मी लिहिली, मी काढायला विसरलो. ताईंनी मी सांगितलं तेवढंच केलं.’ खाली पूर्ण नाव, सही.

“आसं लिवून देऊ नगा,” अध्यक्ष म्हणाले. “लोकं तुमाला सोडनार न्हाईत.”

“नाही सोडलं तरी चालेल.”

ते गेटवर गेले. मागे मीही गेले, कारण ऑफिसात बसायची मला लाज वाटली. तिथे उभे राहून त्यांनी जे भाषण सुरू केलं, ते ऐकून मी कपाळाला हात लावला. चाचणीची यादी, खरी यादी, लांब नावं. कोणाला काय कळणार? चंदेरी हातांची बाई पुढे झाली.

“ते ऱ्हाऊ द्या. आमाला ते कळत न्हाय. तुमी केलं का?”

“व्हय. मी केलं.” एवढ्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ‘व्हय’ ऐकलं.

“कामून?”

“विसरलो. एक ओळ काढायची होती. उद्या काढू म्हणलं आणि विसरलो.”

“इसरलो!” बाई लोकांकडे वळली. “ऐका! इसरले म्हनं! आमच्याकडं इसरलं तं शेड उडतंय, सायेब!”

दुसऱ्या कोणी मान खाली घातली असती, हात जोडले असते. ह्या माणसाने विचारलं, “मग तुम्ही काय करता?”

“काय करता म्हंजी?”

“विसरतं तर प्रत्येक माणूस. तुमच्याकडं कोणी विसरलं तर सगळं उडू नये म्हणून काय करता?”

बाईला वाटलं हा आपली टर उडवतो आहे. ती आणखी तापली आणि त्या तापातच सगळं सांगून गेली. “एका खोलीत दोन बायांपेक्षा जास्त बसत न्हाईत! दारू थोडीच घ्यायाची, तेवढी सरली की मंग दुसरी आनायची! खोल्या लांब लांब! उडालं तं एक उडावं, समदं नगं!”

वरच्यांनी खिशातून माझं पेन काढलं, हातावर धरून त्या कागदाच्या पाठीवर लिहून घेऊ लागले. “दोन बाया... थोडी दारू... खोल्या किती लांब?”

गर्दीत कोणीतरी हसलं. “येडं हाय रं हे.” मग आणखी चारजण हसले. माणसं हसली म्हणजे राग गेला असं नाही, पण तासाभरात गेट मोकळं झालं.

ताईंची नोकरी त्या दिवशी राहिली. पण टिकली असं म्हणता येईना, कारण ताईंनी संदेशाच्या कुठल्याही बटणाला पुन्हा हात लावला नाही. “दुसरं कायबी सांगा, बाई. त्ये न्हाय.” माउसवर हात ठेवला की लगेच उचलायच्या. संदेश बंद पडले. अध्यक्ष आठवडाभर थांबले, दुसऱ्या आठवड्यात मला म्हणाले, “त्याच कामाला ठिवलंय, आन् तेच करीत न्हाय म्हनती. ह्या महिन्याअखेर बघा बाई, न्हाईतर दुसरी बघावी लागंल.” नवी मुलगी मिळायला वाशीत वेळ लागत नाही. हे ताईंनाही माहीत होतं, त्यामुळे माउस आणखीच लांब सरकवायच्या.

वरचे त्यांना धीर द्यायला गेले नाहीत. ते तेरखेड्याला गेले. मुकादमाची परवानगी काढून त्यांनी लांबून त्या खोल्या पाहिल्या, मधली अंतरं पाहिली, आणि येऊन चार दिवस प्रोग्राम बदलत बसले. आता बटण दाबलं की संदेश सगळीकडे जाणार नव्हता. आधी फक्त पाच घरांत जाणार, मग दहा मिनिटं थांबणार. पाचांतल्या कोणाचा शाळेत फोन आला, तर बाकीचे संदेश जागच्या जागी थांबणार.

अडचण एकच होती. चुकीचा संदेश आधी आपल्याच घरी यावा, असं कोणाला वाटेल? पालकांच्या सभेत वरच्यांनी विचारलं तेव्हा सगळे एकमेकांकडे बघू लागले. मागून आवाज आला, “पयला माझा नंबर घाला.”

तेरखेड्याचीच बाई. आज हात धुतलेले होते.

“चुकलं तं म्या वरडन. मला वरडता येतंय, बगितलंच तुमी.”

सभा हसली. बाकीचे चार नंबर मग लगेच मिळाले.

महिना संपायला दोन दिवस होते तेव्हा सकाळी आम्ही सगळे ऑफिसात जमलो. अध्यक्ष हाताची घडी घालून. मी खुर्चीवर. वरचे पार दाराशी, कॉम्प्युटरपासून लांब, पाठीमागे हात बांधून. मी त्यांना खुणेने म्हटलं, जवळ जा, सांगा तिला. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं.

बस आली. ताईंनी हजेरीच्या खुणा केल्या. एकदा तपासल्या, परत तपासल्या. माउसवर हात ठेवला आणि उचलला. मग त्यांनी स्वतःच्या मनाने एक गोष्ट केली, जी वरच्यांच्या प्रोग्राममध्ये कुठेही नव्हती. पर्समधून मोबाईल काढला, नंबर लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. तेरखेड्याची बाई कामावरून बाहेर येऊन थांबली असावी, मागे वारा ऐकू येत होता.

“मावशी, म्या शाळेतून बोलते. तुमची पोरगी आलीय. हितं खिडकीतून दिसती मला. आता दाबू का?”

“थांब जरा,” पलीकडून आवाज आला. “हात पुसते.”

अध्यक्षांनी हाताची घडी सोडली.

“हां. दाब गं बाई. म्या हाय हितं.”

ताईंनी दाबलं.